जपानमध्ये मित्रांसह प्रवास : साहित्य व कृती

जपानच्या प्रवासासाठी मित्रांचे आदर्श प्रमाण चार. रामेनची कित्येक दुकाने आठ-दहा खुर्च्यांचीच असतात आणि त्याही स्वयंपाक्यासमोर एका ओळीत मांडलेल्या. अशा ठिकाणी नऊ जणांची टोळी शिरली तर तिला जेवायला येणे म्हणत नाहीत, चाल करून येणे म्हणतात. टोळी मोठी असल्यास मुक्कामावरच तिचे तुकडे पाडावेत. कोण कोणाशी सध्या बोलत नाही हे लक्षात घेतल्यास काम सोपे होते.

‘स्टेशनच्या दाराशी भेटू’ असे ठरवू नये. टोकियोच्या शिंजुकु स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत. वेळेचेही तसेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वीस सेकंद लवकर सुटली, म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणणारा सदस्य प्रत्येक टोळीत असतोच. त्याला गाडीची वेळ अर्धा तास अलीकडची सांगावी. या खोट्याचे पाप लागत नाही. डब्यात फोनवर बोलू नये. शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये स्थानकावर घेतलेला एकिबेन, म्हणजे जेवणाचा डबा, खुशाल उघडावा. शहरातल्या लोकलमध्ये मात्र पिशवीतला चिवडा पिशवीतच राहू द्यावा.

आता मुख्य विषय, म्हणजे जेवण. बऱ्याच रामेनच्या दुकानांत दाराशीच यंत्र असते: पैसे टाकावे, बटण दाबावे, चिठ्ठी घ्यावी. ‘तू काय घेतोस?’ ही चर्चा यंत्रापुढे सुरू करू नये, कारण मागे रांग मुकाट उभी असते आणि तिचे ते मुकाट असणेच फार लागते. ज्या हॉटेलांच्या काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्लॅस्टिक प्रतिकृती मांडलेल्या असतात, तिथे वादविवाद काचेबाहेरच उरकावा. नूडल्स सुर्र सुर्र आवाज करत ओढाव्यात. लहानपणी ज्याबद्दल धपाटे खाल्ले, त्याला इथे कोणी नावे ठेवत नाही. मात्र चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत, मृताच्या नैवेद्याला तशा खोचतात. आणि ‘हे चाखून बघ’ म्हणत घास एका चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देऊ नये. दहनानंतर नातलग अस्थी याच रीतीने उचलतात. प्रेम फारच उतू जात असेल तर घास मित्राच्या बशीत ठेवावा.

टोळीतल्या शाकाहारी सदस्यासाठी स्वतंत्र नियोजन लागते. मिसो सूप वरकरणी निरुपद्रवी दिसते, पण त्याच्या मुळाशी असलेल्या दाशीत बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा कीस असतो. अशा सदस्याला कोयासानच्या मठांत न्यावे. तिथल्या शोजिन र्‍योरी या भिक्षूंच्या जेवणात मासे-मांस तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. ज्याला चौथ्या दिवशी घरच्या चवीची हुरहूर लागते, त्याला शिंजुकुच्या नाकामुराया या दुकानात बसवावे. क्रांतिकारक रासबिहारी बोस या दुकानाच्या मालकांचे जावई. त्यांच्यामुळे १९२७ पासून तिथे भारतीय पद्धतीची करी मिळते.

इझाकायात, म्हणजे जपानी गुत्त्यात, न मागता एक छोटी वाटी पुढे येते आणि तिचे पैसे बिलात लागतात. यावर भांडू नये, ती बसण्याची फी आहे. स्वतःचा पेला स्वतः भरू नये. शेजाऱ्याचा भरावा आणि तो आपला भरेपर्यंत धीर धरावा. मित्रांची खरी पारख इथेच होते.

सौजन्याच्या बाबतीत अतिउत्साह टाळावा. दुकानदार वाकला की किंचित मान लववणे पुरे. तितकेच वाकल्यास तो पुन्हा वाकतो, आणि हा सामना टोळीतला प्रत्येक जण स्वतंत्रपणे खेळला तर गाडी चुकते. नारा शहरातली हरणेही मान लववतात, परंतु त्यांचा डोळा बिस्किटांवर असतो. बिस्किटे संपताच दोन्ही हात रिकामे करून दाखवावेत, नाहीतर सदऱ्याचे टोक गमवावे लागते.

टिप ठेवू नये. ठेवलीच, तर कर्मचारी ती परत करायला रस्त्यापर्यंत धावत येण्याचा संभव असतो. अशा वेळी पळू नये, चिल्लर मुकाट्याने परत घ्यावी.