लिलावी मोटारींचा व्यापार : होतकरूंसाठी सुबोध मार्गदर्शन

ज्या गृहस्थाच्या पदरी थोडे भांडवल, घरासमोर थोडी मोकळी जागा आणि मनुष्यस्वभावावर अपरंपार विश्वास आहे, त्याने लिलावात जुन्या मोटारी घेऊन विकण्याचा उद्योग अवश्य आरंभावा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी वर्षभर पुरतात आणि तिसरी पहिल्याच महिन्यात खर्ची पडते. सबब भांडवलाची मोजदाद करताना तीही जमेस धरावी. या उद्योगास आमच्या छावणीइतके अनुकूल स्थान दुसरे नाही. सरकारने निकामी ठरविलेल्या वस्तूत काहीतरी तथ्य असलेच पाहिजे, ही श्रद्धा लष्कराच्या शेजारी राहणाऱ्यांत उपजतच असते. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या तेव्हा ती रुजली, आणि पुढे जबलपूरच्या जोंगा गाड्यांनी व मागाहून जिप्सींनी तिला खतपाणी घातले.

व्यापाराचे प्राथमिक शिक्षण मोफत मिळते. छावणीत दर गुरुवारी जनावरांचा जो बाजार भरतो, तेथे होतकरूने काही आठवडे मुकाट्याने उभे राहावे. जाणता गिऱ्हाईक बैलाचा जबडा उघडून दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, खूर न्याहाळतो, चार पावले चालवून पाहतो. आणि मग कोठे दलालाचा व त्याचा हात एका रुमालाखाली जाऊन बोटांच्या दाबांतून असा भाव ठरतो, की शेजारी उभ्या असलेल्या बैलाच्या धन्यालाही तो तोंडावरून ओळखता येऊ नये. हे सर्व नीट पाहून ठेवल्यावर मोटारींच्या लिलावात यातले काहीच करता येत नाही, एवढे ध्यानात धरले म्हणजे शिक्षण पूर्ण झाले. तेथे अनामत रक्कम आधी भरावयाची असते, गाडी यार्डात धूळ खात उभी असते, किल्ली हरवलेली असते, बॅटरी उतरलेली असते, चालवून पाहण्याची सोय बहुधा नसते, आणि बोली मोबाइलच्या पडद्यावर साऱ्या जगासमक्ष चढत जाते. जाहीर नोटिशीत ‘जशी आहे, जेथे आहे’ असे चार शब्द छापलेले असतात. त्यांचा कायदेशीर अर्थ एवढाच, की यापुढे जे काही निघेल ते तुमचे. म्हणून या शास्त्राचे पहिले सूत्र असे, की हातोडा पडतो तेव्हा गाडीची किंमत ठरत नाही. तिचा केवळ पहिला हप्ता ठरतो.

लिलावी गाड्यांच्या मुख्य जाती चार. पहिली, हप्ते थकल्यामुळे बँकेने ओढून आणलेली. ज्याने हप्ता भरला नाही त्याने इंजिनचे ऑईल मात्र वेळच्या वेळी बदलले असेल, असे समजणे हा आशावाद होय. दुसरी, विमा कंपनीने पूर्ण नुकसानीची ठरविलेली. हिच्या अंगावर नवा रंग असतो आणि पोटात पुराचे पाणी जाऊन आलेले असते. ते ओळखण्यासाठी सीटचा पट्टा अगदी शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गाडी धुणारा कारागीर कितीही निष्णात असला तरी गुंडाळलेल्या पट्ट्याच्या तळाशी राहिलेली चिखलाची रेघ त्याच्या ध्यानात येत नाही. तिसरी, पोलीस ठाण्याच्या आवारातील बेवारस. तिच्यातून झाड उगवले असल्यास ते किमतीत धरले आहे की नाही, याची खातरजमा करावी. चौथी, सरकारी खात्याची. हिच्याविषयी मात्र आता मोह धरू नये, कारण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांना अधिकृत भंगार केंद्राची वाट दाखविण्यात आली आहे. आणि जिच्यासाठी कित्येकांचा जीव अडकला होता त्या पांढऱ्या अँबॅसिडरचे उत्पादनही २०१४ सालीच थांबले.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण असले तरी व्यापाऱ्याचे नव्हे. मीटर मागे फिरविणारे हात पुष्कळ आहेत. क्लचच्या पेडलवरचे झिजलेले रबर मागे फिरविणारा अद्याप जन्मास यावयाचा आहे. आकडा चाळीस हजार म्हणत असेल आणि रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबराची साक्ष ग्राह्य मानावी.

आता दस्तऐवजांकडे वळू. गाडी चार चाकांवर उभी दिसली तरी ती वस्तुतः कागदांवर उभी असते. बँकेचा बेबाकी दाखला आणि बोजा उतरविण्याचा नमुना ३५, मालकी बदलाचे नमुने २९ व ३०, दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतून गाडी आणल्यास ना-हरकतीचा नमुना २८, सरकारी लिलावातली असल्यास ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नमुना ३२. शिवाय पूर्वीच्या धन्याने सिग्नल तोडून कमावलेली ई-चलने. यांपैकी एक जरी कागद कमी पडला तरी आमचे एमएच-२० चे परिवहन कार्यालय आपणांस पुन्हा भेटीस बोलाविते. जुने व्यापारी मूळ मालकाच्या सह्या कोऱ्या फॉर्मांवर घेऊन ठेवीत आणि गाडी तीन दारे फिरली तरी नाव पहिल्याचेच राही. ही प्रथा फार सोयीची होती. परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात, अपघाताच्या भरपाईसाठी दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, असे ठरविल्यापासून समंजस विक्रेते सही करण्यापूर्वी चष्मा लावू लागले आहेत.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्रही घ्यावे लागते. ते पाच वर्षे चालते. आणि विक्रीसाठी ठेवलेली गाडी दाखविणे, तपासणे, रंगविणे, दुरुस्तीस नेणे अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर काढावी, तिच्या फेऱ्यांची नोंद ठेवावी, असा दंडक आहे. या नियमाची खरी उपयुक्तता कौटुंबिक आहे. पडेगावचे मामा रविवारी सकाळी येऊन, “अरे, दारात तीन गाड्या नुसत्या उभ्या आहेत, एक दे की; पैठणला साखरपुड्याला जाऊन संध्याकाळी आणून लावतो,” असे म्हणाले, तर त्यांच्यापुढे चहा ठेवावा आणि नोंदवही उघडून, “मामा, कारण काय लिहू?” एवढेच अदबीने विचारावे. मामा रागावतील, परंतु सरकारवर.

विक्रीची कला संक्षेपात सांगतो. जाहिरातीत गाडीचा पूर्वीचा मालक डॉक्टर असावा. इंजिनिअरही चालतो, पण डॉक्टरास दोन पैसे अधिक येतात. गिऱ्हाईक एकटे कधीच येत नाही. त्याच्यासमवेत एक ओळखीचा मेकॅनिक असतो, जो बॉनेट उघडून दीर्घ श्वास घेतो, काहीच बोलत नाही, आणि त्या मौनाने दहा हजार रुपये उतरवितो. त्यास घासाघीस समजू नये; तो रुमालाचाच एक प्रकार आहे.

अखेरीस हिशेब. समजा, गाडी २,१०,००० रुपयांस घेतली आणि २,६०,००० रुपयांस विकली. मधले अंतर ५०,०००. डेंटिंग-पेंटिंग, क्लच-प्लेट व टायर मिळून ३६,००० गेले. ओढून आणणे, विमा आणि कागदपत्रे यांत ९,०००. हाती राहिले ५,००० आणि चेहऱ्यावर समाधान. परंतु ज्या व्यापाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांवर जाऊन वस्तू व सेवा कराची नोंदणी झाली आहे, त्याने खरेदी व विक्री यांमधील अंतरावर कर द्यावयाचा असतो. २०२५ च्या जानेवारीपासून त्याचा दर सर्व जुन्या मोटारींस सरसकट १८ टक्के आहे, आणि दुरुस्तीचा खर्च त्या अंतरातून वजा होत नाही. म्हणजे कर ९,००० आणि निव्वळ तोटा ४,०००. याउलट, खरेदीपेक्षा कमी किमतीस गाडी विकल्यास कर मुळीच नाही. सरकारच्या या दयाबुद्धीचा लाभ पुष्कळ नवोदित घेताना दिसतात. ज्यांना कर भरण्याचे भाग्य लाभेल त्यांनी त्याची पावती जपून ठेवावी. आपला धंदा नफ्यात चालला आहे, हे घरच्यांस दाखविता येईल असा तेवढाच एक लेखी पुरावा असतो.