दोघांसाठी माजघर

दोघांनीच जेवायला जायचं तर पुण्यात वाड्यातलंच रेस्टॉरंट निवडावं, हे धोरण स्तुत्य आहे. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, नाहीतर तिथेही टेबल मिळालं असतं. ज्या माजघरात नवरा-बायकोला दिवसाढवळ्या एकमेकांशी बोलायची चोरी होती, तिथेच आता मेणबत्तीच्या उजेडात हात धरता येतो. वर सेवाशुल्कही भरता येतं. पिठलं पितळी ताटात, इतिहास बिलात. अस्सलपणाला अजून वाव आहे: चौकातल्या सामायिक संडासापुढे टमरेल घेऊन रांग, जादा दराने.

माडीवर जुन्या पागडीचा एक भाडेकरू अद्याप राहतो. त्याचं महिन्याचं भाडं तुमच्या सोलकढीहून कमी. त्याला काढण्याचा दावा मालकांनी नुकताच मागे घेतला. मेन्यूत नवी ओळ आली आहे: ‘मूळ रहिवासी, गॅलरीतून दर्शन, रात्री नऊपर्यंत.’