राणीच्या काळातली खोली

शनिवार-रविवार ‘व्हिक्टोरियन’ वास्तूत काढायचा आणि सकाळी आयता नाश्ता हाणायचा, ही टूम आता गोंदियातही पोचली आहे. अडचण एवढीच की, १८८०च्या दशकात इकडे रेल्वे आली तरी राणीसरकारांनी या जिल्ह्यात महाल बांधायचं काही मनावर घेतलं नाही. मग एखादं जुनं कौलारू विश्रामगृह शोधायचं. व्हरांड्यात लांब हातांची वेताची आरामखुर्ची दिसली की मंडळी हळवी होतात. त्या हातांवर पाय पसरून साहेब बसायचा आणि त्याचे बूट ओढून काढायला कुणीतरी खाली उकिडवं बसलेलं असायचं. फोटोत आपण मात्र न चुकता साहेबाच्या जागी!

खरं जुनं काही हवं तर जिल्ह्यातच नवेगावबांधचा तलाव आहे, कोलू पाटील कोहळींनी बांधलेला. १८१९ साली जन्मलेल्या राणीपेक्षाही तो वयाने मोठा. पण त्याला फायरप्लेस कुठे आहे? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे धावतो, तरी खोलीत फायरप्लेस हवीच. नाश्त्याला टोस्ट मागवतात, येतात तर्रीपोहे. नाक मुरडून दुसरी प्लेट सांगतात. बिलावर ती ‘हेरिटेज ब्रेकफास्ट’ म्हणून लागते.