उंची कमी-जास्त करून मिळेल

मला जुनी रेंज रोव्हर घ्यायची आहे. का, असं विचाराल तर कारणं भरपूर आहेत. फक्त ती सगळी इच्छा झाल्यानंतर सुचलेली आहेत, एवढं मान्य करून पुढे जाऊ. पुढारी आधी पक्ष बदलतो आणि मग त्याला मतदारसंघाचा विकास आठवतो, तसंच हे. पण नंतर सुचलेलं कारण खोटंच असतं असं कुठल्याही तर्कशास्त्रात लिहिलेलं नाही. माझं म्हणणं साधं आहे: हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या जवळा बाजारच्या माणसाला उंची कमी-जास्त करता येणारी गाडी ही चैन नाही, मुंबईच्या मलबार हिलवरच्या माणसाला ती चैन आहे. त्याच्या घरापासून ऑफिसापर्यंत रस्त्याला उंची एकच. आपल्याकडे मात्र एकाच फेरीत डांबरी रस्ता, खडीचा रस्ता, खडी टाकायची राहिलेला रस्ता आणि शेवटी पाणंद असे चार प्रकार लागतात, आणि चौथ्याला पावसाळ्यात रस्ता म्हणायचं की ओढा म्हणायचं हे तलाठ्यालाही ठरवता येत नाही. शिवाय आपली जमीन. बेसाल्टची झीज होऊन झालेल्या या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात सुकून भेगाळते. म्हणजे जून ते मे या काळात रस्ताच वर-खाली होत असतो. जिथे रस्त्याची उंची ऋतुमानाप्रमाणे बदलते, तिथे गाडीची उंची तेवढी कारखान्यातून कायमची ठरून यावी, हा मराठवाड्यावरचा आणखी एक अन्याय आहे. अनुशेषाच्या यादीत तो अजून कुणी घातलेला नाही, इतकंच.

यंत्रणा समजायला अवघड नाही. चार चाकांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराचे चार फुगे असतात, मागे एक कॉम्प्रेसर, मध्ये वाल्व्हचा ब्लॉक, आणि कोणता कोपरा किती उंच आहे हे सांगणारे सेन्सर. बटण दाबलं की हवा भरते किंवा सुटते. रेंज रोव्हर १९७० साली आली तेव्हा साध्या स्प्रिंगांवर होती. हवेवर ती १९९२ च्या सुमारास चढली. २०१२ साली जी पिढी आली, तिची गाडी नेहमीच्या उंचीपेक्षा सुमारे ७५ मिलिमीटर वर उठते आणि माणसं चढता-उतरताना सुमारे ५० मिलिमीटर खाली बसते. ९०० मिलिमीटर पाण्यातून ती जाते, असं कंपनी सांगते. म्हणजे माणसाच्या कमरेइतकं पाणी. आता खरं सांगायचं तर माझं मन ओढ्यात कमी आणि चौकात जास्त रमतं. उभ्या गाडीतसुद्धा बटण दाबता येतं. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्यासमोर गाडी खाली, साडूसमोर वर. आयुष्यभर मान आणि पाठ वापरून जे करावं लागलं ते एका बोटावर येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की सेन्सरचं काहीतरी चाललं असेल. एकच अडचण आहे: वाढवलेली उंची ठरावीक वेगापर्यंतच टिकते, त्यापुढे गाडी आपण होऊन खाली येते. मिजास आणि वेग एकदम झेपत नाहीत हे त्या संगणकाला कळतं. आपल्याकडे निवडून आलेल्या माणसाला ते पाच वर्षांनी कळवावं लागतं.

जुनीच का, याचं उत्तर पैशात आहे. पण निव्वळ पैशात म्हटलं तर कमीपणा येतो, म्हणून थोडं धोरणात्मक बोलू. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या श्रीमंतांच्या धडधाकट गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत सासर शोधत फिरू लागल्या. इकडे २००८ पासून ही गाडी बनवणारी कंपनी टाटांची. २०२४ साली रेंज रोव्हर पुण्यातच जोडायचं जाहीर झालं आणि नवीच्या किमती खाली आल्या. नवी उतरली की जुनी आपोआप उतरते. परिणाम असा, की नव्या फॉर्च्युनरच्या पैशात, किंवा त्याहून कमीत, एकेकाळी तिच्या तिप्पट-चौपट किमतीला गेलेली गाडी दारात उभी राहते. कागदपत्रं म्हणाल तर बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. एमएच ३८. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्यामुळे हा नंबर अजून पुण्या-मुंबईत ओळखू येत नाही. टोल नाक्यावरचा माणूस ‘कुठली पासिंग?’ म्हणून विचारतो. अशा नंबरखाली अशी गाडी असली की तो प्रश्न निदान आदराने विचारला जाईल. दलालांच्या भाषेवर मात्र विश्वास ठेवू नये. जुन्या बाजारातली प्रत्येक गाडी एकहाती असते, डॉक्टरची असते, आणि डॉक्टर ती फक्त दवाखान्यात जायला वापरत असतो. या देशातले डॉक्टर इतक्या गाड्या विकतात, तर रुग्ण तपासतात कधी, हा प्रश्न वैद्यक परिषदेने विचारायला हवा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप शहाण्यांचा: रबर ते रबर. दहा वर्षांत त्याला बारीक चिरा पडतात, एका फुग्यातून हवा झिरपू लागते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी जळतो. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर कलंडलेली सापडते. शेजाऱ्यांना वाटतं पंक्चर आहे, आपल्याला ठाऊक असतं की पगार आहे. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या पूर्ण बरोबर असल्यामुळे मी त्याला सामाजिक उत्तर देतो. ज्या भागात विजेच्या दाबाच्या चढउतारात विहिरीवरची मोटार जळते, ती रिवाइंड करून आणतात, पुन्हा जळते आणि पुन्हा रिवाइंड होते, तिथल्या माणसाला कॉम्प्रेसरची भीती कसली घालता? दुसरा आक्षेप: परभणी-नांदेडला हिचा मेकॅनिक कुठे? मेकॅनिक मिळेल, तो दोन दिवस बघेल आणि सांगेल, ‘साहेब, हे फुगे काढून टाका, साध्या स्प्रिंगा घाला, कटकट मिटली.’ असा संच खरोखर मिळतो आणि जगभर लोक तो बसवतात. म्हणजे वर-खाली होणारी गाडी हौसेने घ्यायची आणि मग पैसे देऊन तिचं वर-खाली होणं बंद करायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, याच्याकडे मला परत यायचं आहे. तिसरा आक्षेप, त्या पैशात शेत येईल. येईल, पण शेताला कुणी वळून बघत नाही.

चौथा आक्षेप मात्र मला झोंबतो. म्हणे, असली नाजूक झुलती यंत्रं आपल्या भागाला शोभत नाहीत, इथे आपली बोलेरो आणि तिचे कमानपाटे बरे. अहो, जगातलं सगळ्यात नाजूक सस्पेन्शन आपल्याच तालुक्यात यायचं आहे! औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहते आहे. २०१६ साली तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये दिले. लोक तिला ‘ती गुरुत्वाची प्रयोगशाळा’ म्हणतात. माझ्या मते ती मुळात सस्पेन्शनची कार्यशाळा आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, काटकोनात. त्यांच्या टोकांना आरसे. अमेरिकेतल्या जुळ्या यंत्रात त्यातला प्रत्येक आरसा ४० किलोचा आहे आणि तो सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या चार तंतूंवर टांगलेला आहे. वर लंबकाला लंबक असे एकूण चार टप्पे, आणि त्या सगळ्याच्या वर पुन्हा सेन्सर लावलेला मंच, जो जमीन हलली की उलट दिशेला हलतो. एवढा झुला कशासाठी? तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याहून लहान हालचाल टिपण्यासाठी. १४ सप्टेंबर २०१५ ला त्या अमेरिकेतल्या यंत्रांनी टिपलेली गुरुत्वीय लहर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली तेव्हा निघाली होती. ती टिपताना ट्रकचा हादरा, वारा, दूरच्या समुद्राच्या लाटा हे सगळं त्या सस्पेन्शनने पचवायचं. एकदा त्यांतल्याच हॅनफर्डच्या यंत्रात विचित्र टकटक येऊ लागली. शोध घेतला तर द्रवरूप नायट्रोजनच्या नळीवर साचलेला बर्फ तहानलेले डोमकावळे टोचून खात होते. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याने पिंडाला शिवावं म्हणून माणसं तासन्‌तास हात जोडून उभी राहतात. तिथे कावळा शिवला की नोबेलवाले हवालदिल. औंढ्याच्या कावळ्यांचा कुणी आधी विचार केला आहे का, कोण जाणे. आणि जमीन तर अशी, की २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ रिश्टरचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच, आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडे जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणून माणसं वर्षानुवर्षं दचकून घराबाहेर येतात. अशा जागी काचेच्या तंतूवर आरसा टांगायला शास्त्रज्ञ तयार आहेत. मी फक्त चार फुगे मागतो आहे. एका तालुक्यात कृष्णविवरांची कुजबुज ऐकणारं सस्पेन्शन असणार आणि त्याच तालुक्यातला मी खड्ड्यात डोकं छताला आपटून घेणार, हे विज्ञानाच्या प्रतिष्ठेलाही बरं दिसत नाही.

पाचवा आक्षेप ट्रॅक्टरवाल्यांचा, आणि तो टाळता येत नाही. ट्रॅक्टर सगळीकडे जातो, ते म्हणतात, तुझी ही गाडी पाणंदीत जाईल का? नाही जाणार. काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत भरला की टायर गुळगुळीत होतो. मग सव्वादोन-अडीच टनांची गाडी ७५ मिलिमीटर वर उचला की १७५, ती आपल्या वजनाने रुतणारच. उंची मिळते, पण पकड मिळत नाही. इथे माझा चौकापर्यंत रुबाबात आलेला युक्तिवाद पाणंदीच्या तोंडाशी थांबतो. कारण पाणंदीची दुरुस्ती बटणाने होत नसते. बांधावरून रस्ता मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, १९६६ पासून आहे. अर्ज तहसीलदाराकडे करायचा, मग नोटिसा, मग स्थळपाहणी, मग भाऊबंद, मग अपील. २०२१ साली मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजनाही आली. आणि तरीही मराठवाड्यात दर पावसाळ्यात बातमी येते, की बाळंतपणाला निघालेल्या बाईला बाजेवर टाकून चार माणसांनी चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. ती चार माणसं म्हणजे तिचं सस्पेन्शन. खांदा बदलताना बाज कलू नये म्हणून ती एकमेकांची उंची बघून उभी राहतात. उंच माणूस गुडघ्यात वाकतो. ही बातमी वाचून मला सरकारचा राग येतो तेवढाच माझ्या जाहिरात-वाचनाचाही येतो. जे सगळ्यांनी मिळून मागायचं होतं, ते एकेकट्याने हप्त्यावर विकत घ्यायला आपण शिकलो. रस्ता खराब तर गाडी उंच घ्या, पाणी खराब तर फिल्टर बसवा, शाळा खराब तर पोराला लातूरला ठेवा. ज्याची गाडी उंच झाली, त्याला खड्डा दिसेनासा होतो, आणि गावात खड्ड्याबद्दल ओरडणारा नेमका तोच एक होता.

मग ही गाडी घेऊच नये का? इतक्या लवकर हार मानली तर इच्छेला काय अर्थ. वरच्या ७५ मिलिमीटरचा बचाव मी सोडून देतो, पण खालचे ५० मी सोडणार नाही. आपल्याकडची प्रतिष्ठेची प्रत्येक गाडी उंच आहे, आणि तिच्यात चढताना म्हाताऱ्या बायांचे काय हाल होतात, हे लग्नसराईत कुठल्याही मंगल कार्यालयाच्या दारात दिसतं. एसटीची पहिली पायरी तर गुडघ्याच्या वर. नऊवारी एका हातात, दांडा दुसऱ्या हातात, पिशवी दातात, आणि मागून नातू ढकलतो आहे. बोलेरोत मागच्या बाजूला एक पाय टाकून आजी अर्धी आत आणि अर्धी बाहेर थांबते, ‘थांब रे बाबा, गुडघा वाजला’ म्हणते, आणि पुढे बसलेल्या पुढाऱ्याची काच बंदच राहते. शेतात चाळीस-पन्नास वर्षं वाकून निंदणी-खुरपणी केलेल्या या गुडघ्यांची झीज कुठल्याही नुकसानभरपाईत धरत नाहीत. हवेवरची गाडी दाराशी येऊन आधी स्वतः खाली बसते. ५० मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन इंच. पण चढणाऱ्याच्या गुडघ्याला विचारा, ते दोन इंच किती असतात. म्हणून मघाच्या त्या मेकॅनिकला माझं उत्तर असं: कॉम्प्रेसर बदल, फुगे बदल, ब्लॉक साफ कर, जो काय खर्च येईल तो सांग, पण साध्या स्प्रिंगा घालू नकोस. स्प्रिंगांवरची गाडी उंचच उंच उभी राहील आणि कुणासाठी खाली बसणार नाही. तशा गाड्या तालुक्यात आधीच पुष्कळ आहेत.

तेव्हा निर्णय झाल्यासारखाच आहे. दलालाशी बोलताना आता आवाज तेवढा बेफिकीर ठेवायला हवा. गुडघ्यांचा विषय काढला की तो किंमत वाढवतो. गाडी बघायला जाताना ती रात्रभर उभी असावी असं आधी सांगायचं आणि सकाळी कोपरे मोजायचे. इंजिन सुरू करून वर-खाली दोनदा करायला लावायचं आणि कॉम्प्रेसर किती वेळ घरघरतो ते ऐकायचं. उरला रंग. पांढरा पुढाऱ्यांनी घेतलेला आहे, शिवाय पांढरी गाडी चिखलात रुतली की वसमतहून दिसते. मी काळी बघतो आहे.