भाऊंचं पोलिश खानदान

मलकापुरात कोंबडी पाळणारे पुष्कळ. त्यांची कोंबडी सकाळी उकिरड्यावर जाते, संध्याकाळी घरी येते आणि जावई आला की ताटात येते. भाऊ त्यांतले नव्हेत. भाऊ 'फॅन्सीवाले'. त्यांच्याकडे पोलिश कॅप आहे.

पोलिश कॅप म्हणजे डोक्यावर शेवंती फुलल्यासारखा पिसांचा तुरा मिरवणारी कोंबडी. तुऱ्याखाली तिचे डोळे आपल्याला दिसत नाहीत आणि तिला आपण दिसत नाही. न बोलता जवळ गेलं की ती दचकून जाळीवर आदळते. म्हणून खुराड्याकडे जाताना भाऊ आधी खाकरतात. सासऱ्यांच्या खोलीत शिरतानाही ते इतके खाकरत नाहीत.

"पोलंडची का हो?" असं चुकूनही विचारू नका. नावावर जायचं नसतं, सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी हिची चित्रं काढलीत, इथपासून व्याख्यान सुरू होतं. मग एक पिल्लू तुमच्या हातात येतं. "बोट लावा डोक्याले. लागलं का टेंगूळ?" लागतं. कवटीवरच्या हाडाच्या त्या उंचवट्यावरच तुरा उगवतो. तिथे दुसऱ्याची चोच बसली तर पिल्लू जायचं, म्हणून ते वेगळं ठेवायचं. हे ऐकेपर्यंत तुमचा चहा गार झालेला असतो.

मे महिन्यात मलकापूर ४४-४५ अंशांवर जातं. कोंबडीला घाम येत नाही; चोच उघडून धापा टाकायच्या, हाच तिचा पंखा. त्यात डोक्यावर ही टोपी! भाऊंनी घरातला एकुलता एक कूलर खुराड्याला लावला. दाणा पहाटे आणि दिवस मावळल्यावर, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते. दुपारी नुसतं इलेक्ट्रॉलचं पाणी.

"मले ऊन लागलं तं कांदा, अन् हिले इलेक्ट्रॉल!" इति वहिनी.

खरी परीक्षा पावसाळ्यात. हवा दमट झाली की कूलर उलटा वैरी होतो, कारण ओल्या हवेत धापा टाकूनही अंगातली उष्णता निघत नाही. मग कूलर बंद, एक्झॉस्ट चालू. पाणी पिताना तुरा भिजतो, भिजला की चिकटतो, त्यात उवा होतात. भाऊ तो रबराने वर बांधतात. रबर अर्थात मुलीच्या वेणीचं. मानमोडीवरची लासोटा लस फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी.

या खानदानाला एकच काम जमत नाही: अंडी उबवणं. पोलिश सहसा खुडूक बसत नाही. तेव्हा भाऊ शेजारणीची गावरान कोंबडी मागून आणतात. ती २१ दिवस निमूट बसते, तुरेवाली पिल्लं काढते, त्यांना चरायला शिकवते आणि परत उकिरड्यावर जाते. तिला ना कूलर, ना इलेक्ट्रॉल. ती आजारीही पडत नाही, याचा भाऊंना थोडा रागच आहे.

"यात सुटतं काय भाऊ?" कुणीतरी विचारतंच.

"हौस!"

"अन् लाइटचं बिल," आतून आवाज येतो.

मुंबई-नागपूर गाडीने जाणं झालं तर मलकापूरला उतरून भाऊंचं खुराडं जरूर पाहा. फक्त मे महिन्यात दुपारी जाऊ नका. कूलरसमोर घरचे सगळे बसलेले असतात, पाहुण्याला जागा मिळत नाही.