पुरणयंत्रातली सफरचंदं

ओ काकू, भिंतीकडं या की जरा! डाळ मग निवडा. वास आला ना? दालचिनीचा हाय तो. खीर नव्हं वं, सफरचंदं शिजूलालीत.

एवढी कुठून म्हणून काय विचारता! गल्लीच्या टोकाला ते बीएसएफच्या सेंटरमधले साहेब राहतेत ना, त्यांची बायको शिमल्याकडची. माहेराहून पेटी आली तिला. चाकूरच्या उकाड्यात पिठूळ व्हायच्या आत वाटत सुटली बिचारी. तिच्याकडं तर या फळाची सगळी कहाणी हाय. कोटगढला म्हणं स्टोक्स नावाचा अमेरिकन आला, तिथलाच होऊन बसला, सत्यानंद नाव घेतलं. त्यानं १९१६ साली डिलिशसची रोपं लावली अन् डोंगर पालटला. आपल्याकडं कुणी असा फिरकला नाही बगा, सोयाबीनशिवाय काही दिसतंय का?

माझ्या वाट्याला मऊ आली. खायला मजा नाही, पण शिजवायला हीच बरी. डाग होता तेवढा काढला. बुरशीचं एक निघालं, ते मात्र अख्खंच फेकलं. साल काढत बसले नाही हं मी. बिया अन् मधला गाभा काढला, फोडी केल्या, दीड किलोला वाटीभर पाणी अन् दोन लिंबं, झाकण ठेवून बारीक गॅसवर. वीसेक मिनिटांत बोटानं दाबलं तरी लगदा. मग सरळ पुरणयंत्रात! साली वरच राहतेत, खाली मऊसूत गुलाबीसर उतरतंय. होळीची पोळी झाली की वर्षभर माळ्यावर पडतंय ते यंत्र, त्याला काम तरी लागलं. दीड किलोत लिटरभर होतंय. साखर चिमूटभर नाही. मामांचे दात काढलेत ना, त्यांना दशमीसंगं हेच देते.

अन् टिकायचं म्हणता, तर त्या मास्तरीणबाईंचं कळलं नाही का तुम्हाला? अय्या, सगळ्या गल्लीला ठाऊक! त्यांनीबी केलं, अन् गुळांब्यासारखं मोठ्या बरणीत भरून फडताळात ठेवलं. पंधरा दिवसांत फेस. खापर फोडलं सुनेवर, ओला चमचा घातला म्हणून. मी सांगते काकू, सुनेचा काही दोष नव्हता. गुळांब्याला गूळ राखतोय. एवढा गोडवा की जंतूला प्यायला पाणी उरत नाही. महिनोन् महिने बरणी उघडा-झाका. यात गोडवाच नाही, मग राखणार कोण?

आमची पुतणी परभणीला अन्नतंत्र महाविद्यालयात हाय. तेच हो, १९७६ ला निघालेलं, तुमच्या लग्नाच्या साली. ती सांगूलाली, इथं आंबटपणा अन् उकळी राखते. सामू ४.६ च्या खाली असला की बंद बाटलीतला तो जीवघेणा जंतू वाढत नाही. सफरचंद तसं खालीच असतंय, पण डिलिशस गोड, म्हणून लिंबू. अर्ध्या लिटरच्या बाटल्या उकळून घ्यायच्या, सॉस कढत असतानाच भरायचा, वर अर्धं इंच मोकळं. पातेल्यात खाली फडकं, बाटल्यांवर इंचभर पाणी, अन् खळखळ उकळी आल्यापासून वीस मिनिटं. समुद्राकाठी पंधरा पुरतेत म्हणं. आपण ६०० मीटरच्या आसपास उंचावर, इथं पाणी ९८ अंशालाच उकळतंय, म्हणून जास्तीची पाच.

झाकणं मात्र नवी. जुन्याची आतली कड एकदाच धरते. गार झाल्यावर मधोमध दाबायचं. टक्क वाजलं तर बसलं नाही, ती बाटली फ्रिजात ठेवून आधी संपवायची. अन् उघडली की फ्रिजात आठ दिवस, बास. म्हणून तर बाटल्या लहान. फ्रीझरचं मला सांगू नका, उन्हाळ्यात लाईटीचा भरवसा हाय का इथं?

तुम्हाला एक देते, थांबा. बाटली परत द्या पण. लोणच्याची अजून तुमच्याकडंच हाय, मी काही म्हणले नाही. हळू बोला, मास्तरीणबाईंची सून गच्चीवर आली. ए पोरी, ये की खाली, चव बघून जा! सासूला सांगू नको म्हणजे झालं.