अर्ध्या शून्याची रेल्वे

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा एक फूटही रूळ नाही. इथे ‘गाडी’ म्हणजे एसटी, कापूरहोळला महामार्ग सोडून आत वळणारी. तरीही भोरचं नाव रेल्वेच्या इतिहासात आहे. खंडाळ्याचा जो घाट आपल्यासाठी बोरघाट, तो इंग्रजी कागदांत भोर घाट झालेला आहे. उत्रोलीतल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरच्या वाचनात हे आलं, तेव्हा त्याला वाटलं की सातबाऱ्यावर नाव आपलं आणि जमीन कसतोय भलताच. त्याने ताबा घ्यायचं ठरवलं. प्रत्यक्षात ताबा घेतला तो माजघराचा.

गाव त्यांना कंडक्टरकाका म्हणतं. त्यांना हा नाद लागला पुण्यात. कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. एका मोठ्या मांडणीवर अख्खं शहर: सर्कस, पोहण्याचा तलाव, सिग्नल, दिवसाची रात्र होताना लागणारे दिवे, आणि त्या सगळ्यामधून धावणाऱ्या गाड्या. काका नातीला घेऊन गेले होते. खेळ संपल्यावर नात आइस्क्रीम मागत होती आणि आजोबा पुढच्या खेळाचं तिकीट. जन्मभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिलेला माणूस एका दिवसात एकाच खेळाची दोन तिकिटं काढतो, तेव्हा घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

या छंदातलं बहुतेक जग एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात चालतं. त्याला एचओ म्हणतात, म्हणजे ‘हाफ झीरो’, कारण आधी ‘शून्य’ नावाचं मोठं माप होतं आणि हे त्याच्या निम्मं.

“अर्धं शून्य म्हणजे किती हो?” काकूंनी विचारलं.

“साडेसोळा मिलिमीटर.”

काकूंनी पुढे विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे कळतं.

तर साडेसोळा मिलिमीटर हे दोन रुळांमधलं अंतर. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ येतात, आणि तो झाला युरोपातला रूळ. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याला सव्वाएकोणीस लागतात. परदेशी रुळांवर देशी इंजिन ठेवलं की थोरल्याने धाकट्याची चप्पल घातल्यासारखं दिसतं. यावरून हौशी मंडळींत दोन पंथ आहेत. एक पंथ स्वतः रूळ ओढून रुंदी बरोबर करतो. दुसरा म्हणतो, पावणेतीन मिलिमीटर कोण बघतंय! काका दुसऱ्या पंथाचे. पहिल्या पंथाला पेन्शन जास्त लागते.

रुंदीवर तडजोड झाली, पण लांबीने घात केला. लाल-चंदेरी एलएचबी डब्याची लांबी साडेतेवीस मीटर, एचओत २७ सेंटिमीटर. बावीस डबे लावले तर सहा मीटर होतात. माजघर चौदा फुटांचं. म्हणजे इंजिन स्वयंपाकघरात फोडणीचा वास घेतंय आणि गार्ड अजून देवघरापाशी. मग काकांची डेक्कन क्वीन पाच डब्यांवर आली. खरी १९३० साली सुरू झाली, सात डब्यांनिशी, असं कळल्यावर त्यांना जरा धीर आला. दोनच डब्यांचा तर फरक! शिवाय पुणे-मुंबई १९२ किलोमीटर प्रमाणात बसवायचे तर सव्वादोन किलोमीटर रूळ टाकावे लागतील आणि तेवढ्याला ग्रामपंचायतीचा ठराव लागेल.

घाट मात्र सोडवेना. जेम्स बर्कले या इंजिनिअरने आखलेला हा घाट १८६३ साली सुरू झाला. चढ एकास सदतीस. गंमत म्हणजे खेळण्यातल्या इंजिनालाही साधारण तेवढाच चढ झेपतो. त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतात. खऱ्या घाटातही कर्जतला मागून इंजिनं जोडून गाडी ढकलतात. काकांनीही मागून एक इंजिन लावलं. उरला प्रश्न उंचीचा. घाट साडेपाचशे मीटरहून जास्त चढतो, म्हणजे ८७ ने भागूनही सहा मीटरच्या वर. हिशेबाने लोणावळा कौलांबाहेर जात होतं. शेवटी ते फडताळाच्या वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी वसलं.

याच घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि उरलेलं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे चालवलं. काकांनी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “म्हणजे शेवटी हेही माझ्याच गळ्यात.”

एव्हाना काम गावाचं झालं होतं. सुताराकडचा भुसा हिरवा रंगवला की गवत होतं. टीव्ही दुरुस्त करणारा पोरगा डाग द्यायला येतो. वाळू चाळून रुळांखालची खडी झाली. सगळ्यात कठोर परीक्षक म्हणजे शेजारचा शेतकरी. घाटाच्या पायथ्याची भातखाचरं बघून तो म्हणाला, “कंडक्टर, हे बांध कुनी घातलं? पानी थांबायचं कुठं?” बांध उताराच्या दिशेने उभे पडले होते. दोन रात्री खपून ते आडवे घातले. डब्यांची रंगसंगती चुकली आहे हे मात्र अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

महिन्यातून एखाद्या रविवारी पुण्या-साताऱ्याकडची हौशी मंडळी येतात. पिशवीत पायमोजे आणि पायमोज्यांत इंजिनं. कुणी बँकेतला, कुणी दंतवैद्य, पण गाडी घसरली की सगळे एकाच वेळी गुडघ्यांवर. इंजिन कितीला पडलं असं घरी विचारलं, तर ही मंडळी किमतीचंही एचओ करतात, निम्मी सांगतात. काकू तो आकडा पुन्हा दुप्पट करून घेतात.

आपण एकटेच वेडे नाही हे पटवायला काकांनी दाखले जमवले आहेत. जर्मनीतल्या हॅम्बुर्गला ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ मध्ये अशीच रेल्वे लोकांसाठी खुली केली. आज तिचे रूळ सोळा किलोमीटरच्या वर आहेत. इंग्लंडचा गायक रॉड स्टुअर्ट दौऱ्यावर हॉटेलात सामानासाठी आणखी एक खोली घ्यायचा आणि तिथे इमारती बनवत बसायचा. वीसहून जास्त वर्षांचं ते काम त्याने २०१९ मध्ये जगाला दाखवलं.

“तो गातो तरी,” काकू म्हणाल्या.

पावसाळ्यात रूळ काळवंडतात आणि रोज स्पिरिटने पुसावे लागतात. मागच्या श्रावणात एक पाल बोगद्यात मुक्कामाला आली आणि डेक्कन क्वीन पळसदरीजवळ दोन दिवस अडकून पडली. काकांनी रीतसर फळ्यावर लिहिलं होतं, ‘तांत्रिक कारणास्तव’.

जगात कुठेच नसेल अशी एक रीत या रेल्वेत आहे. गाडी सुटताना काका शिट्टी वाजवत नाहीत, हिरवा झेंडा दाखवत नाहीत. आढ्याला बांधलेली दोरी दोनदा ओढतात. टण् टण्. डबल बेल. थांबायला एकच.

गाडी रोज संध्याकाळी सातला सुटते, वीज असली तर. बघायला यायचं असेल तर चपला ओसरीवर काढा, आणि लोणावळ्याला हात टेकू नका. रंग ओला आहे.